शनवार तेली: सुटीच्या वारावरून ओळखली गेलेली माणसं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना जिथे घसरलो होतो, तिथे लिहिताना थोडं सावरून घेतलंय.

सुरुवात आमच्या पिंपळनेरपासून करतो. शनिवार होता. मी ओट्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. खरं तर त्या दिवशी माझी ऑन-कॉलची पाळी नव्हती. तरी एक बग डोक्यात घोळत होता, म्हणून बसलो, आणि बसल्या बसल्या टीममधल्या एका ज्युनियर पोरालाही मेसेज टाकला, ‘फक्त दोन मिनिटं बघतोस का?’ आबा शेजारी सुपारी कातरत होते. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “बैलले बी पोयाले सुट्टी ऱ्हास. तुले नही का?”

ज्यांना अहिराणी येत नाही त्यांच्यासाठी: बैलालाही पोळ्याला सुट्टी असते, तुला नाही का?

मी हसलो. पण वाक्य अडकून राहिलं, कारण त्याच आठवड्यात मी ज्या लोकांबद्दल वाचत होतो, ते लोक बैलाला वर्षातून एकदा नाही, दर आठवड्याला सुट्टी द्यायचे. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, कोकणात, अलिबागच्या आसपास. लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे. आजचा भाग त्यांच्याबद्दल.

तेली, पण शनिवारी नाही

जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडमध्ये, तेलाचे घाणे चालवणारे दोन प्रकारचे तेली होते. हिंदू तेली सोमवारी घाणा बंद ठेवायचे, कारण सोमवार महादेवाचा. दुसरे शनिवारी बंद ठेवायचे. म्हणून एक सोमवार तेली, दुसरे शनवार तेली. गावाला फरक कळायला एवढं पुरेसं होतं. कोण कुठल्या देवाला मानतो, कुठून आला, याची चौकशी कोणी केली नाही. कोणत्या वारी तेल मिळणार नाही, हे गिऱ्हाइकाला पक्कं ठाऊक होतं.

हे शनवार तेली म्हणजे बेने इस्राएल, महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू. आडनावं बघा: किहीमवरून केहिमकर, पेणवरून पेणकर, रोह्यावरून रोहेकर, चौलवरून चेऊलकर. ‘बूट पॉलिश’ सिनेमातले डेव्हिड आठवतात? त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

त्यांची स्वतःबद्दलची कथा अशी आहे. फार पूर्वी एक जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. वाहून आलेली प्रेतं त्यांनी नवगावातच पुरली. ती जागा आजही दाखवतात, तिथे स्मारक आहे. सामान बुडालं, त्यात धर्मग्रंथही बुडाले. ही पिढ्यानपिढ्या सांगितलेली कथा आहे, कागदोपत्री पुरावा नाही. पण कथेतला एक भाग पुढच्या इतिहासाशी जुळतो: या लोकांजवळ पुस्तक नव्हतं. हिब्रू भाषा गेली होती. घरात मराठी, अंगावर कोकणी पेहराव, हातात घाण्याचं काम.

मग उरलं काय? शनिवार उरला. मुलगा आठ दिवसांचा झाला की सुंता करायची, हे उरलं. कोणता मासा खायचा आणि कोणता नाही, हे उरलं. आणि एक प्रार्थना उरली, शेमा. देव एकच आहे असं सांगणारी. ‘शेमा’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘ऐक’. पॉडकास्टवाल्याला हे आवडणारच, पण मुद्दा वेगळा आहे. जे वाचून टिकवायचं ते सगळं गेलं आणि जे ऐकून, करून टिकवायचं ते राहिलं.

पवित्र म्हणजे नेमकं काय?

इथे जरा थांबून हिब्रू शास्त्रात काय सांगितलंय ते बघू. नाहीतर शनिवार म्हणजे आपल्या एकादशीसारखं काहीतरी, असं वाटून आपण पुढे जाऊ.

हिब्रूत पवित्रासाठी शब्द आहे ‘कादोश’. त्याच्या मुळाशी अर्थ आहे वेगळं काढलेलं, राखून ठेवलेलं. आपल्याकडचं सोवळं थोडं जवळ येतं, आणि खाण्यापिण्याचे, शुद्धीचे बरेच नियम त्या शास्त्रातही आहेत. पण तोरातल्या तिसऱ्या ग्रंथाचा, लेवीयचा, १९वा अध्याय वाचला तर गंमत कळते. सुरुवातीलाच सगळ्या लोकांना पवित्र व्हायला सांगितलंय, फक्त पुरोहितांना नाही. मग आपल्याला वाटतं, आता उपासतापास, ध्यानधारणा येणार. येतं काय? शेत कापताना कडेकोपरे कापू नका. पडलेली कणसं उचलू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. आंधळ्याच्या वाटेत अडथळा टाकू नका. तराजू आणि मापं खरी ठेवा. परक्याला आपल्यासारखंच प्रेमाने वागवा, कारण मिसर देशात तुम्हीही परकेच होतात.

मी खानदेशचा, त्यामुळे हे वाचताना मला देऊळ दिसलंच नाही. शेत दिसलं, सालदार दिसला, आठवडे बाजारातला काटा दिसला. पडलेली कणसं वेचण्याला आपल्याकडे ‘सरवा वेचणं’ म्हणतात. गरीब बाईला सरवा वेचू देणं हा दानधर्म नाही, तो तिचा हक्क आहे, असं तो अध्याय म्हणतो. आणि ते पवित्र जगण्यात मोडतं.

याच शास्त्रात रूथची गोष्ट आहे. मवाब नावाच्या परक्या देशातली विधवा. सासूबरोबर बेथलेहेमला येते, पोटासाठी जवाच्या शेतात सरवा वेचते, शेताचा मालक बवाज तिला सांभाळून घेतो आणि पुढे तिच्याशी लग्न करतो. राजा दावीद हा तिचा पणतू. म्हणजे शेताचा कोपरा न कापण्याच्या नियमामुळे एक परकी विधवा जगली आणि राजाची पणजी झाली.

आता शनिवार, म्हणजे शब्बाथ. दहा आज्ञांमध्ये तो दोनदा येतो आणि दोन ठिकाणी कारणं वेगळी दिली आहेत. एकदा कारण आहे सृष्टी: देवाने सहा दिवस काम केलं, सातव्या दिवशी थांबला. दुसऱ्यांदा कारण आहे गुलामी: मिसरमध्ये तुम्ही गुलाम होतात हे आठवा. गुलामाला सुट्टी नसते, म्हणून सुटलेल्या माणसाने थांबायचं. आणि नुसतं स्वतः नाही थांबायचं. यादीच दिली आहे: मुलगा, मुलगी, नोकर, मोलकरीण, बैल, गाढव, दारात आलेला परका. सगळ्यांनी थांबायचं.

बैलाचं नाव त्या यादीत आहे, हे मला माहीतच नव्हतं. घाण्याचा बैल डोळ्यांवर झापड बांधून दिवसभर गोल फिरतो. चालतो खूप, पोचत कुठेच नाही. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात, बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप लावून चोळतात, वर्षभराच्या जुवाची माफी मागितल्यासारखं. शनवार तेल्यांच्या बैलाची झापड दर आठवड्याला सुटायची. मालकाला त्या दिवसाचं उत्पन्न सोडायला लागायचं, पुन्हा सोमवारी सोमवार तेल्यांचा घाणा बंद असला तरी शनिवारी सुरूच असायचा. गिऱ्हाईक तिकडे जाणार, हे उघड होतं. तरी शेकडो वर्षं हे चाललं, कोणी पुस्तक उघडून दाखवत नसताना.

माशांची परीक्षा

मग कोणीतरी आलं. परंपरा सांगते, डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला. तो कोण आणि कोणत्या काळातला, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. बरेच जण अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याकडे बोट दाखवतात. त्याने या तेल्यांचा शनिवार पाहिला, शेमा ऐकला, आणि त्याला शंका आली की हे आपलेच तर नाहीत? त्याने परीक्षा घेतली. सगळ्या प्रकारचे मासे घरातल्या बायकांकडे दिले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला काढले. तोरातला नियम नेमका हाच आहे. म्हणजे कोळंबी, चिंबोरी, मुशी बाद.

मला या कथेतली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. रहाबीने पुरुषांना बसवून प्रश्न विचारले नाहीत. स्वयंपाकघरात मासे पाठवले. शास्त्र तिथेच टिकलं होतं, सासूकडून सुनेकडे, मासे साफ करता करता. पुढे रहाबीने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घरांतल्या माणसांना विधी शिकवले, ते समाजाचे काजी झाले. पण त्या आधीचं सगळं श्रेय पाटा-वरवंट्याजवळच्या बायकांचं आहे, असं मी तरी म्हणेन.

सणांची नावंही ऐकण्यासारखी आहेत. ज्यूंचं नवीन वर्ष हा ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा मोठा उपास, योम किप्पूर, हा ‘दारफाळणीचा सण’: पांढरे कपडे घालून, दार लावून घरात राहायचं. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या शोकाचा दिवस हा ‘बिरड्याचा सण’, कारण त्या वेळी वालाचं बिरडं खायचं. मंदिराची आठवण पुसट झाली, बिरडं राहिलं. शिवाय एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या नावाने पोहे, गूळ-साखर, नारळ आणि फळांचा ‘मलिदा’ करतात. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात.

पुस्तक परत मिळालं, मराठीतून

अठराव्या शतकाच्या शेवटी बरेच बेने इस्राएल ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. त्यातले सॅम्युअल इझिकिएल दिवेकर, म्हणजे समाजी हसाजी, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत मांडवीला समाजाचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. मराठीत त्याला ‘मशीद’च म्हणायचे, आणि लोकलच्या मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरून पडलं असं सांगितलं जातं. त्या रस्त्याला सॅम्युअल स्ट्रीट नाव आहे.

त्यानंतर कोचीनहून ज्यू शिक्षक आले. आणि गंमत म्हणजे ख्रिस्ती मिशनरीही आले. स्कॉटलंडचे जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले आणि १८३२ साली त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुलं हिब्रू शिकली, मराठीत छापलेलं जुनं शास्त्र वाचू लागली. मिशनरींचा हेतू धर्मांतराचा होता. फार थोड्यांनी धर्म बदलला. बाकीच्यांनी आपलं हरवलेलं पुस्तक परत घेतलं आणि घरी नेलं.

मग त्यांची स्वतःची छपाई सुरू झाली. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह निघाली, १८७४ साली पुण्यात सचित्र निघाली, तिच्यात साड्या नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. हाईम सॅम्युअल केहिमकरांनी १८७५ साली समाजासाठी शाळा काढली आणि १८९७ साली समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. १८८०च्या सुमाराला तर कीर्तनंही सुरू झाली: अब्राहाम, योसेफ यांची आख्यानं, आपल्या कीर्तनकारांच्या धाटणीत, ओव्या आणि अभंगांच्या चालीवर.

आणि जे चुकलं तेही

आता फार गोड चित्र रंगवलं तर तुम्हीच मला कमेंटमध्ये पकडाल. या समाजात ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असे दोन भाग होते. काळे म्हणजे इतर समाजातल्या स्त्रियांपासून झालेली संतती, असं मानलं जायचं. त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही, एका पंगतीत जेवण नाही. विधवेचं लग्नही, शेजाऱ्यांचं बघून, कमीपणाचं मानलं जाऊ लागलं. रूथची गोष्ट ज्यांच्या शास्त्रात आहे, त्यांच्याकडे हे झालं. बैलाचा शनिवार सांभाळला, पण परक्याला आपलं मानण्याचा नियम जातीच्या समाजात राहून निसटला.

आणि पुढे पारडं फिरलं. इस्राएल देश झाल्यावर हजारो लोक तिकडे गेले. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं: बेने इस्राएल माणसाचं लग्न लावायचं असेल तर आधी त्याची वंशावळ तपासा. ज्यांनी पुस्तकाशिवाय इतकी शतकं शब्बाथ पाळला, त्यांना विचारलं गेलं, तुम्ही नक्की ज्यू का? मुंबई-ठाण्या-अलिबागहून गेलेली माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. १९६४ साली सरकारने त्यांना सर्व अर्थांनी ज्यू म्हणून मान्य केलं आणि धर्मपीठालाही माघार घ्यावी लागली. आज तिथे बेने इस्राएलांची संख्या हजारोंत आहे, ‘मायबोली’ नावाचं त्यांचं मराठी नियतकालिकही निघालं. इथे मात्र २०११च्या जनगणनेत सगळ्या भारतात मिळून ज्यू साडेचार हजारांच्या आसपास उरले होते. २०१६ साली महाराष्ट्राने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

सुट्टी एकट्याची नसते

शेवटी पुन्हा आमच्या ओट्यावर येतो, पण मुंबईच्या गिरण्यांवरून. आपण रविवारला जन्मसिद्ध समजतो. १८९०पूर्वी गिरणी कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागितली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही एक कारण त्यांनी दिलं. वर्षानुवर्षं अर्ज आणि सभा झाल्या, तेव्हा १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मंजूर झाली. लोखंडे शब्बाथवाले नव्हते. पण गणित तेच होतं: एकटा कामगार थांबला तर त्याचं काम जातं, म्हणून यंत्रच थांबायला हवं, सगळ्यांसाठी.

शनवार तेल्यांचं वाचताना मी पवित्र जगणं म्हणजे काहीतरी माझ्या आतलं, माझ्यापुरतं शोधत होतो. शांतता, डिजिटल डिटॉक्स वगैरे. तिथे मिळाली एक यादी, आणि त्या यादीत माझ्यापेक्षा दुसऱ्यांचीच नावं जास्त. माझ्या शनिवारच्या मेसेजमुळे कोणाचा शनिवार गेला? त्या ज्युनियर पोराचा. दोन मिनिटं म्हणता म्हणता त्याचे दोन तास गेले. त्याने तक्रार केली नाही, आणि मी सीनियर असल्यामुळे तो करणारही नव्हता. आबांनी मला बैल म्हटलं होतं. पण त्या घाण्यावर मी बैल नव्हतो, झापड बांधणारा होतो.

सोमवारी मी त्याला सॉरी म्हणालो. तो म्हणाला, “अरे दादा, चालतं.” चालतं हे मलाही माहीत आहे, घाणाही चालतच असतो. तेव्हापासून शनिवारी कोणाला मेसेज टाकायचा नाही, एवढा एक नियम केलाय. गेल्या दोन महिन्यांत दोनदा मोडला. दोन्ही वेळा वाटलं होतं की हे काम अगदी थांबण्यासारखं नाही, आणि दोन्ही वेळा ते सोमवारपर्यंत सहज थांबलं असतं.

आबांना मी शनवार तेल्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळी ऐकली आणि एकच विचारलं, “मंग त्या दिन बैलले काय खावाडेत?” म्हणजे, मग त्या दिवशी बैलाला काय खायला घालायचे? याचं उत्तर मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. पेंड तर घरचीच होती, एवढं मात्र नक्की.

अलिबागला जाणार असाल तर बीचवरून परतताना इस्राएल आळीत जा. तिथलं ‘मागेन अबोथ’ हे प्रार्थनामंदिर १८४८ सालचं आहे. बाहेरून शांतपणे बघा, आत जायचं तर आधी विचारा. आणि शनिवारी गेलात तर फोन खिशात ठेवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.